वास आला नव्हता

बायकांच्या त्या तुरुंगात तिला सगळ्या जणी सूनबाईच म्हणत. कैदी म्हणत, पहाऱ्यावरच्या बायका म्हणत, आणि एकदा तर अधीक्षकबाईंच्या तोंडूनही तेच निघून गेलं. दोष तिच्या सासूचा. म्हातारी स्वयंपाकघराच्या एका टोकाला बटाटे सोलत बसलेली असायची आणि पार दुसऱ्या टोकाला पोहोचेल अशी हाक मारायची, "सूनबाई, ते फडकं कुठल्या जन्मी उकळलं होतंस?" अशा हाका दिवसभर उठत. शेवटी बाईचं खरं नाव फक्त हजेरी घेणारीलाच ठाऊक राहिलं. एक सासू पुरली नाही म्हणून अख्खा तुरुंग माझं सासर झालाय, असं ती स्वतःच म्हणायची.

दोघी एकाच खटल्यात आत आल्या होत्या. सूनबाईचा नवरा, म्हणजे म्हातारीचा एकुलता एक मुलगा, गोदामांचा माल पोहोचवणारी गाडी चालवायचा. त्यातला काही माल कधी पोहोचायचाच नाही. तो यांच्या मागच्या खोलीत येऊन पडायचा. पोलीस दाराशी आले त्या दिवशी तो गाडी घेऊन जो गेला तो गेलाच. मागे राहिल्या या दोघी, ती भरलेली खोली आणि एक शाळकरी मुलगी. खोलीत काय आहे ते सूनबाईला कळत होतं, पण विचारायची छाती नव्हती. म्हातारीलाही कळत होतं, पण पोटच्या पोराविरुद्ध काही कळून घ्यायचं नव्हतं. कोर्टात म्हातारीने सांगून टाकलं की खोलीची किल्ली सुनेकडे असायची. ते धडधडीत खोटं होतं. किल्ली म्हातारीच्याच कमरेला असायची. मुलाला वाचवायला तिने सुनेला पुढे ढकललं, आणि न्यायाधीशांनी दोघींनाही आत पाठवलं. मुलगी सूनबाईच्या धाकट्या बहिणीकडे गेली.

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे असं म्हणतात. इथे दोघींचे दिवस एकदमच आले, आणि तेही एकाच बराकीत. सुरुवातीला सूनबाई तिच्याशी एक शब्द बोलली नाही. जेवणाच्या रांगेत म्हातारी पुढे असली तर ती चार बायका सोडून मागे उभी राहायची. बराकीतल्या बायकांना त्या मायलेकी वाटायच्या. सासू-सुना आहेत कळल्यावर एक जण म्हणाली, "मग बरोबर आहे."

त्यांना पुन्हा बोलायला लावलं ते स्वयंपाकघराने.

स्वयंपाकघर म्हणजे एक लांबलचक खोली. एका भिंतीला गॅसच्या भट्ट्या, त्यांच्यावर माणूस आत बसेल एवढाली पातेली. मधोमध पत्र्याची टेबलं, आणि सुऱ्या त्या टेबलांना साखळीने बांधलेल्या. फरशीतून एक उघडी नाली जायची आणि खरकटं अडून ती तुंबायची. संध्याकाळी दिवे लावले की झुरळं अशी पळायची की भिंतच हलतेय असं वाटावं. कच्चं मांस ज्या फळीवर कापायचं तीच फळी नुसत्या पाण्याखाली धरून तिच्यावर पाव कापायचे. दर थोड्या दिवसांनी कुठल्या तरी बराकीत पोटं बिघडायची, आणि तुरुंगात असं होतंच म्हणून सगळ्या जणी सोडून द्यायच्या. सूनबाईला पातेली ढवळायला घेतलं, आणि वय झालेलं म्हणून म्हातारीला बटाटे सोलायला बसवलं.

घरी असताना म्हातारीच्या स्वच्छतेने सूनबाईचा जीव नकोसा केला होता. घासलेलं भांडं ती उजेडात धरून बघायची आणि परत मोरीत टाकायची. दूध नासणार हे तिला सकाळीच कळायचं. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने सुनेने केलेली भाजी न चाखता, नुसती हुंगून, बाहेर नेऊन ओतली होती. तुरुंगात आल्यावर हे खूळ जाईल असं सूनबाईला वाटलं होतं. गेलं नाहीच, उलट त्याला मोकळं रान मिळालं. पहिल्याच दिवशी म्हातारीने मांसाची फळी नाकाजवळ नेली आणि ती सरळ भट्टीत घातली.

"आजी, ही सरकारी फळी आहे," पहारेकरीण म्हणाली.

"मग सरकारला येऊन हुंगायला सांग," म्हातारी म्हणाली.

स्वयंपाकघरावर देखरेख करणारी एक बाई होती. तिला सगळ्या किचनमॅडम म्हणत. मध्यम वयाची, कायम थकलेली, वरच्यांची बोलणी खाऊन खाऊन निबर झालेली, पण मनाने वाईट नव्हती. तिने फळीबद्दल आवाज चढवला नाही. दोन नव्या फळ्या आणवल्या, एक मांसाची, एक पावाची. हळूहळू म्हातारीचं राज्य पसरत गेलं. फडकी रोज उकळायची. संडासाला जाऊन आलेल्या बाईने म्हातारीसमोर उभं राहून साबणाने हात धुवायचे. साबणाच्या वडीचे तुकडे करून वाटायचे, तेव्हा म्हातारी आपल्या अंघोळीचा तुकडा स्वयंपाकघरात आणून ठेवायची. बायका पाठीमागे तिला नाकवाली म्हणायच्या, तिची नक्कल करायच्या, शिव्या घालायच्या. पण पोटं बिघडायची थांबली, आणि मग शिव्यांमधली धार गेली. एखादीला दुधाचा संशय आला की ती पेला घेऊन म्हातारीकडे यायची. म्हातारी हुंगून "पी" किंवा "ओत" एवढंच म्हणायची. तिचं कधी चुकलं नाही.

आणि त्या बटाट्यांच्या ढिगाशीच एक दिवस म्हातारीने खाली मान घालून विचारलं, "त्याचा काही निरोप?"

"नाही," सूनबाई म्हणाली.

"तुला आला असता तर मला सांगितलं असतंस?"

सूनबाईने थोडा विचार केला. "सांगितलं असतं."

म्हातारीने पुढचा बटाटा उचलला. किल्लीचा विषय तिने त्या दिवशी काढला नाही आणि नंतरही कधी काढला नाही. पण तेव्हापासून रांगेत सूनबाई तिच्या मागेच उभी राहू लागली. झोपताना म्हातारीचे गुडघे चेपून देऊ लागली, आणि ती चेपत असताना म्हातारी नातीच्या गोष्टी काढायची. पोरीला दात घासायचा कंटाळा आहे, तुझी बहीण लक्ष देते की नाही, असं काहीबाही. स्वयंपाकघरात नीट काम करणाऱ्यांना शिक्षेत सूट मिळायची. ती मिळाली तर मुलगी मोठ्या शाळेत जायच्या आत सूनबाई घरी पोहोचणार होती. म्हातारीला तिच्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. "तू पुढे जा. मी येते मागून," ती म्हणायची.

त्या वर्षी उन्हाळा फार कडक होता, आणि ऐन उन्हाळ्यात थंड खोली बंद पडली. स्वयंपाकघराच्या मागे ही जाड दाराची खोली होती. तिच्यात मांस, दूध आणि उरलंसुरलं अन्न ठेवत. तिच्या मोटरीचा आवाज एक दिवस घरघरत थांबला. दुरुस्तीवाला येऊन बघून गेला आणि म्हणाला, एक भाग मागवावा लागेल. भाग काही येईना. किचनमॅडम रोज वर जाऊन सांगायची आणि रोज तोंड पाडून परत यायची. पालथ्या घड्यावर पाणी. तोवर स्वयंपाकघराने आपली एक रीत बसवली होती. मांस आलं की त्याच दिवशी शिजवायचं, त्याच दिवशी संपवायचं, उरलं तर टाकायचं. त्या रीतीवर निभत होतं.

मग कळलं की तुरुंगांची पाहणी करणारी एक समिती येणार आहे. कैद्यांना काय खायला मिळतं, स्वयंपाकघर कसं आहे, हे बघायला. सगळा तुरुंग कामाला लागला. भिंतींना चुना लागला, नालीवर जाळी बसली, बायकांना डोक्याला बांधायला पांढरे रुमाल मिळाले. इतकी वर्षं मागून न मिळालेल्या गोष्टी दोन दिवसांत हजर झाल्या. थंड खोली तेवढी राहिली. तिचं दार पुसून लख्ख केलं आणि बंद ठेवलं.

पाहणीच्या आदल्या दिवशी दुपारी किचनमॅडम आली. म्हणाली, "उद्याचा रस्सा आजच करून ठेवायचाय. कोंबडी आणि बटाटे. उद्या सकाळी भट्ट्या घासून चकचकीत हव्यात. साहेब लोक येतील तेव्हा धूर नको, सांडलवंड नको, सालं नकोत. ते गेले की नुसतं गरम करायचं आणि वाढायचं."

सूनबाई म्हणाली, "पण ठेवायचं कुठे, मॅडम? थंड खोली तर बंद आहे."

"माहीत आहे मला," किचनमॅडम म्हणाली. तिने तोंडावरून हात फिरवला. "मी सांगून बघितलं. ते म्हणतात, नीट उकळा आणि झाकून ठेवा. एका रात्रीने काय होतंय?"

सूनबाईने म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीने खांदे उडवले. "चांगलं खदखदू दे. सकाळी बघू मी."

रस्सा शिजला. चांगला खदखदून शिजला, तीन मोठी पातेली भरून. जड झाकणं घातली आणि पातेली भिंतीशी जमिनीवर ओळीने ठेवली. इतक्या रश्शाची ऊब लवकर जात नाही. सकाळी सूनबाईने बाहेरून हात लावला तेव्हाही पातेलं कोमट होतं. तिला ते आवडलं नाही. का आवडलं नाही ते सांगता आलं नसतं.

समिती आली. चांगल्या कपड्यांतली तीन-चार माणसं भट्ट्यांवरून बोट फिरवून बघत होती आणि बोटाला काही लागत नव्हतं. त्यांच्यातल्या एका बाईंनी म्हातारीला विचारलं, "आजी, इथे बरं आहे ना?" म्हातारी म्हणाली, "हात धुतलेत का?" त्यावर सगळे हसले. जाताना त्यांनी स्वयंपाकघराचं फार कौतुक केलं. अधीक्षकबाईंच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रक्त दिसलं.

समिती फाटकाबाहेर पडल्यावर झाकणं काढली. बराकींमधून ताटांवर चमचे वाजायला लागले होते, कारण जेवणाला उशीर झाला होता. सूनबाई म्हणाली, "आई, जरा बघा."

म्हातारी उठली. तिने तिन्ही पातेली एकेक करून हुंगली, डोळे मिटून. मग डावाने खालपासून ढवळलं आणि परत हुंगलं. मग वाटीत घेऊन खाल्लं. गावभरच्या चोरांची झडती घ्यावी तसं ती प्रत्येक घास तोंडात घोळवत होती. सगळ्या जणी थांबल्या होत्या. किचनमॅडम दाराशी घड्याळाकडे बघत उभी होती.

"वास नाही," म्हातारी म्हणाली. "चवही चांगली आहे. आंबलं नाहीये."

"नक्की ना, आई?"

"मी खाल्लं ना तुझ्यासमोर? लाव भट्टी. वाढ. पोरी भुकेल्यात."

रस्सा गरम केला. उशीर झाला होता म्हणून वाफ येईपर्यंतच केला, उकळेपर्यंत नाही. वाढला. बायकांनी वाट्या पुसून खाल्ल्या. कोंबडी रोज मिळत नसे. सूनबाईच्या वाट्याला शेवटी तळाचं खरवडलेलं थोडंसं आलं. तेही तिने एका बाळंतीण कैदिणीला देऊन टाकलं आणि स्वतः पाव खाल्ला.

पहाटेच्या सुमाराला बराकीत एक बाई उठून संडासाकडे पळाली. तिच्यामागे दुसरी. उजाडेपर्यंत संडासापुढे रांग लागली होती, आणि ज्यांना रांगेत उभं राहवत नव्हतं त्या जागीच बसल्या होत्या. कळा येत होत्या, पोटं धरून बायका कण्हत होत्या. हजेरीला अर्ध्या जणी उभ्या राहू शकल्या नाहीत. सूनबाईने वळून म्हातारीकडे पाहिलं. ती कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला किती वेळा जाऊन यावं लागलं होतं कुणास ठाऊक. तिने कुणाला उठवलं नव्हतं. चादर घाण झाली होती आणि ती तिने स्वतःच ओढून गुंडाळून पायाशी ठेवली होती.

तुरुंगाच्या दवाखान्यात खाटा संपल्या, मग जमिनीवर गाद्या टाकल्या. तरण्या बायका दुपारपर्यंत सावरू लागल्या. साखर-मिठाचं पाणी पिऊन बसू लागल्या. म्हातारीच्या पोटात पाणीही ठरेना. शिरेतून पाणी चढवलं, तर शीर सापडायला वेळ लागला. सूनबाईला तिच्याजवळ बसू दिलं.

"किती जणी पडल्यात?" म्हातारीने विचारलं. तिचे ओठ वाळले होते.

"थोड्याच. बऱ्या होतायत," सूनबाईने सांगितलं. पलीकडच्या दालनातून कण्हणं ऐकू येत होतं.

म्हातारीने तिकडे कान दिला. मग म्हणाली, "मला वास आला नाही गं."

"त्याचं काय आता. पाणी प्या."

"सूनबाई, खरंच वास आला नाही. आला असता तर मी ओतलं नसतं का? भांडण करून ओतलं असतं." ती सुनेचा हात चाचपत होती. "माझं नाक गेलं वाटतं. म्हातारपणी गेलं. मला कळलंच नाही, आणि मी पोरींना वाढ म्हणाले."

सूनबाईने तिचा हात धरला. तिलाही तेच वाटत होतं. नाक गेलं असेल, वय झालं. ती म्हणाली, "आई, तुमची काही चूक नाही." पण ते म्हणताना आवाज असा निघाला की म्हातारीने विश्वास ठेवला नाही. तिने तोंड फिरवलं. संध्याकाळी तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरलं. गाडी मागवली. गाडी फाटकात शिरली तेव्हा म्हातारी गेलेली होती.

बाकी सगळ्या जणी वाचल्या.

निरोप धाडूनही नात्यातलं कुणी आलं नाही. ज्याने यायचं तो मुलगा कुठल्या गावात कुठल्या नावाने राहत होता देव जाणे. सूनबाईने एकच मागितलं, की प्रेताला अंघोळ मी घालीन. परवानगी मिळाली. दवाखान्यामागच्या मोरीवर तिने म्हातारीला न्हाऊ घातलं. साबण थोडा होता. बराकीतल्या बायका एकेक करून आल्या आणि आपापले तुकडे दारातून देऊन गेल्या.  सूनबाईने नखं साफ केली, कानामागे पुसलं, केस विंचरले. इतकी वर्षं एका घरात काढून तिने म्हातारीचे केस कधी मोकळे पाहिले नव्हते. ते अजून कमरेपर्यंत होते.

दोन दिवसांनी तुरुंगाची डॉक्टर तिला बोलावून म्हणाली, "रश्शाची तपासणी झाली. तुला एक सांगायचं होतं. तुझी सासू सारखं वासाचं बोलत होती, असं नर्स म्हणाली."

सूनबाईने मान हलवली.

"या विषाला वास नसतो. चवही नसते. शिजवल्यावर इतकं मोठं पातेलं हळूहळू निवत राहिलं की त्यात ते तयार होतं. तुझ्या सासूलाच काय, मलाही कळलं नसतं. कुणाच्याच नाकाला कळत नाही. थंड खोली चालू असती आणि रस्सा लहान भांड्यांत ओतून लगेच गार केला असता, तर काही झालं नसतं."

"म्हणजे त्यांचं नाक गेलं नव्हतं?"

"नाही."

सूनबाई उठून बाहेर आली. ओसरीच्या खांबाला धरून ती उभी राहिली. तिला रडू आलं ते तेव्हा, म्हातारी गेली त्या दिवशी आलं नव्हतं. दोन दिवस आधी हे कुणी बोललं असतं तर. नुसतं एवढंच, की आजी, तुमचं नाक शाबूत आहे.

मग चौकशीचे साहेब आले. सभ्य माणूस होता. त्यांनी सूनबाईला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. शेजारी एक कारकून टाइप करत होता. साहेबांनी विचारलं, म्हातारीची तब्येत आधीपासून बरी नव्हती ना? वयस्कर बाई, सारखी संडासाला जात असेल? हात धुवायचे राहून जात असतील?

"नाही," सूनबाई म्हणाली.

"नीट आठव. तिने रस्सा चाखला. वाटी परत पातेल्यात बुडवली असेल."

"डॉक्टरबाईंनी सांगितलंय कशाने झालं ते. थंड खोली बंद होती."

साहेबांनी कारकुनाला थांबायची खूण केली. मग ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ. थंड खोलीचं आम्ही बघून घेऊ. पण अशा गोष्टीला एक कारण लागतं. नाहीतर किचनमॅडमची नोकरी जाईल, आणि पातेल्यांवर तू होतीस म्हणून तुझ्यावरही येईल. म्हातारी तर गेली. तिला आता काय फरक पडतो? तू एवढंच सांग, की तिला आधीपासून जुलाब होत होते आणि ती ते लपवून काम करत होती. तुझी शिक्षेतली सूट मी स्वतः बघतो. मुलगी आहे ना तुला?"

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं कशाला म्हणतात ते सूनबाईने आजवर ऐकलं होतं. आज ते चांगल्या शब्दांत, पाण्याचा पेला पुढे करून चाललं होतं. तिच्या डोळ्यांपुढे मुलगी आली. शाळेच्या कपड्यांत, फाटकाशी वाट बघत.

साहेब पुढे म्हणाले, "मी खटल्याचे कागद वाचलेत. किल्ली तुझ्याकडे होती असं तिनेच कोर्टात सांगितलं. तुला इथे आणलं ते तिने. तिच्यासाठी तू कशाला जीव तोडतेस?"

"त्या माझ्याबद्दल खोटं बोलल्या, ते त्यांचं त्यांच्यापाशी," सूनबाई म्हणाली. "तुम्ही त्यांना भांडखोर लिहा. हट्टी लिहा. कोर्टात खोटं बोलल्या तेही लिहा, मी साक्ष देते. पण त्यांचे हात घाण होते असं मी सांगणार नाही. इतक्या वर्षांत मी ते एकदाही पाहिलं नाही."

साहेबांनी आणखी दोनदा विचारलं. मग पेला बाजूला सारला आणि कारकुनाला म्हणाले, "सहकार्य नाही, असं घाल."

किचनमॅडम बाहेर उभी होती. तिने आतलं सगळं ऐकलं होतं. सूनबाई जवळून गेली तेव्हा ती म्हणाली, "मला माफ कर. मला तुझ्यासारखं बोलता येणार नाही, घरी दोन मुलं आहेत." सूनबाईला तिचा राग आला नाही. मॅडमनेही वर सांगून बघितलं होतं, तिचंही कुणी ऐकलं नव्हतं.

अहवालात काय आलं ते सगळ्यांना नंतर कळलं. स्वयंपाक करणाऱ्या कैद्यांच्या अस्वच्छ सवयी, विशेषतः एका वयोवृद्ध कैदिणीच्या. सूनबाईच्या साक्षीवाचूनच लिहिलं गेलं. वर्तमानपत्रातही चार ओळी आल्या. महिन्याभरात थंड खोली दुरुस्त झाली, नव्हे, नवीच बसली. सूनबाईला स्वयंपाकघरातून काढून कपडे धुण्याच्या खोलीत टाकलं, आणि तिची सूट गेली.

भेटीच्या दिवशी बहीण मुलीला घेऊन आली. काचेच्या अलीकडे सूनबाई, पलीकडे मुलगी, आणि बोलायला भिंतीवरचा फोन. मुलगी उंच झाली होती. तिने फोन उचलून पहिलंच विचारलं, "आई, आजी घाण राहायची का? वर्गातली एक मुलगी म्हणाली, पेपरात आलंय."

"नाही," सूनबाई म्हणाली. "पेपरात खोटं आलंय." मग तिने सगळं सांगितलं, थंड खोलीचं, समितीचं, रश्शाचं. चौकशीच्या साहेबांचंही सांगितलं. ते सांगायला नको होतं, हे सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

मुलगी ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे तू हो म्हणाली असतीस तर घरी आली असतीस?"

"आले असते बहुतेक."

"आणि तरी पेपरात तेच छापून आलं."

"हो."

"मग काय उपयोग झाला?"

 सूनबाईने काचेवर हात टेकला. मुलीने फोन ठेवला आणि मावशीच्या मागे जाऊन उभी राहिली. वेळ संपेपर्यंत ती पुढे आली नाही. पुढच्या भेटीला मावशी एकटीच आली. त्याच्या पुढच्यालाही. "येईल गं," मावशी म्हणाली. "वय आहे. घरात पण कुणाशी बोलत नाही."

धुण्याच्या खोलीत सूनबाईची बोटं सोड्याने फुटली. सूनबाई हे नाव आता मागे पडत चाललं होतं. हाक मारणारीच नव्हती, आणि नव्या आलेल्या बायकांना ते कशावरून पडलं हेही ठाऊक नव्हतं.

थंडी सुरू झाली तेव्हा मुलगी आली. मोठ्या शाळेचे कपडे अंगावर होते. मागे मावशी होती, पण ती दूरच थांबली. मुलीने फोन उचलला आणि त्याची तार बोटाभोवती गुंडाळली. आई काचेतून तिच्याकडे बघत राहिली.

"आई," मुलगी म्हणाली, "आजी चालायची कशी? मी काल आठवून बघत होते. चेहरा आठवतो, चालणं आठवत नाही."

सूनबाईने सांगायला सुरुवात केली, पण ते शब्दांत सांगता येईना. तिने फोन खाली ठेवला, उठली, आणि त्या अरुंद जागेत, भिंत ते दार, एक हात गुडघ्यावर दाबून, मान पुढे काढून, दर पावलाला कुणाला तरी रागे भरत असल्यासारखी चालून दाखवू लागली. पहारेकरीण "बस खाली" म्हणाली, मग तिनेच तोंड दुसरीकडे केलं. काचेपलीकडे मुलगी हसली. मग हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला आणि तिने तोंडावर हात दाबला. सूनबाई वळली आणि दारापासून भिंतीपर्यंत परत तशीच चालत आली.